बोलावणारा हजर आहे

तुमच्या फोनवर एखादा म्हातारा धानाच्या बांधीत उभा राहून, हात जोडून "या, आमच्या गावचा तांदूळ खाऊन पाहा" असं म्हणतो, तेव्हा तो म्हातारा आज कुठे आहे आणि हे बोलणं त्याला अजून मान्य आहे का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे? पडला नसेल तर पुढचं वाचा. ज्या माणसाबद्दल मी लिहिते आहे, त्याचा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे.

ते माझे घरमालक होते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या पुढे, तलावाच्या पाळीला टेकून असलेलं एक गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण गाव बदनाम व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. माझ्यापेक्षा त्यांचं मन मोठं होतं. तिथल्या धान पिकवणाऱ्यांच्या गटानं आपला चिन्नोर, म्हणजे बारीक सुवासिक तांदूळ, थेट शहरातल्या लोकांना विकायला वेबसाइट काढली होती. तिच्यावर मजकूर लिहायला मला ठेवलं होतं, आणि राहायला त्यांच्या घराची पुढची खोली मिळाली होती.

गावात सगळे त्यांना भोंगेवाले काकाजी म्हणत. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक लागतं, आणि नाटकाची हाक आसपासच्या गावांत पोचवायला भोंगा बांधलेली गाडी फिरते. ती हाक देणं हा काकाजींचा धंदा. पूर्वी सायकलरिक्षा होती, नंतर ऑटो आला. भोंगा मात्र जुनाच, एका बाजूनं चेपलेला. नवा घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आवाज माया हाये, भोंग्याचा नाई."

आवाजाचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवण्याइतके ते साधे नव्हते. दसऱ्यापासून दही बंद, चिंच बंद, बोरं तर दारातसुद्धा आणायची नाहीत. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या अशा करायचे की माझी झोप उडायची. हंगामात घरात एक शब्द बोलायचे नाहीत. पाणी हवं असलं तर पेला वाजवायचे. काकी वैतागून मला सांगायच्या, "पाह्य व पोरी, साऱ्या जगाले बोलावते हा मानूस, अन् मले पेला वाजवते."

त्यांच्या हाकेचे नियम होते. मयत झालेल्या घरासमोर भोंगा बंद. शाळेसमोर बंद. आणि प्रत्येक हाकेचा शेवट ठरलेला: "बोलावनारा हजर हाये!" हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. नाटक सुरू झालं की ते मंडपाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, नाटक संपेपर्यंत. नाटक भिकार निघालं तर लोक बाहेर पडताना त्यांनाच शिव्या घालायचे. ते मान डोलावून ऐकून घ्यायचे. मी एकदा विचारलं, की नाटक तुम्ही लिहिलं नाही, बसवलं नाही, तुम्ही कशाला ऐकून घेता? ते म्हणाले, "मंग कोनाले बोलतीन? बोलावलं कोनं?"

म्हणूनच रेकॉर्ड केलेल्या हाकेचा त्यांना संताप होता. बाकीचे भोंगेवाले एकदा बोलून पेनड्राइव्ह लावून देत आणि ऑटोत झोपत. काकाजी म्हणायचे, "डब्बीतल्या मानसाले कोनी शिवी देल्ली त थो आयकते का?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे तेच त्यांच्यावर उलटलं.

मला हा म्हातारा पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला, त्याचं कारण माझ्या घरात आहे. मी पत्रकांमध्ये वाढले. वडील भंडाऱ्याला कामगारांच्या संघटनेत काम करत. घरात पिवळ्या आणि गुलाबी कागदांचे गठ्ठे असत, अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. कुठलंही पत्रक हातात आलं की वडील सगळ्यात आधी तळाची ओळ वाचायचे: कुणी काढलं, कुठे छापलं. ती ओळ नसली तर वरचा मजकूर कितीही पटण्यासारखा असो, कागद चुलीत जायचा. काकाजींच्या हाकेचा शेवट म्हणजे तीच तळाची ओळ होती.

त्यांची एक गोष्ट त्या भागात अजून सांगतात. एका मंडईच्या नाटकात नागपूरहून नामांकित नटी येणार होती. काकाजींनी सकाळभर गावं पालथी घालून तिची हाक दिली. दुपारी कळलं, बाई येत नाही. नाटक मंडळाच्या लोकांनी सांगितलं, चूप राहा, तिकिटं खपू द्या, मग बघू. काकाजींनी ऑटो वळवला आणि ज्या गावांना हाक दिली होती त्याच गावांतून पुन्हा निघाले. "आयका हो आयका! सकाळी मीच सांगतलं होतं का बाई येनार हाये. बाई येऊन नाई राहिली. नाटक हाये, पन बाई नाई. यायचं त या, नाई त घरी झोपा. बोलावनारा हजर हाये!" मंडळाचा एक माणूस मोटरसायकलवर मागे आला आणि त्यानं बॅटरीची वायर उपटली. काकाजी ऑटोत उभे राहिले आणि उरलेली गावं त्यांनी नुसत्या गळ्यानं केली. पुढचा सगळा हंगाम गळा बसला होता. तरी पुढच्या मंडईला त्याच मंडळानं त्यांनाच बोलावलं. दुसऱ्या कुणाच्या हाकेवर लोक घरातून निघत नव्हते.

तर असा माणूस मोकळ्या वेळात आमच्या वेबसाइटच्या खोलीत येऊन बसायचा.

वेबसाइटवर गिऱ्हाईक आणायचं काम गटानं नागपूरच्या एका एजन्सीला दिलं होतं. तिथला एक तरुण दर आठवड्याला यायचा. सगळे त्याला सर म्हणायचे. सर लॅपटॉप उघडून दाखवायचे की आत्ता किती जण वेबसाइटवर आहेत. काकाजी पडद्याकडे बघून खुर्ची सरकवायचे आणि खरोखर म्हणायचे, "या, बसा."

"काकाजी, याला ट्रॅफिक म्हणतात," सर म्हणाले.

"लोकं हायेत ना?"

"लोकंच, पण..."

"मंग लोकं म्हन ना बापा."

सरांनी समजावलं, की खूप जण येतात, बघतात आणि काही न घेता निघून जातात. मग ते दुसरं काही बघत असले तरी तिथे आपली जाहिरात त्यांना परत दिसते. ती त्यांच्या मागे फिरते.

"म्हंजे मानूस घरी गेला तरी तुमी मांगं मांगं जाता? अन् त्याची बायको काही म्हनत नाई?"

मी हसून लोटपोट झाले. सर हसले नाहीत.

एक दिवस सरांनी वेबसाइटच्या माथ्यावर लाल पट्टी लावली: शेवटची थोडीच पोती शिल्लक, त्वरा करा. काकाजींनी ती मला वाचायला लावली आणि उठून थेट गोडाऊनकडे गेले. परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत भुशानं माखून.

"गोडाऊन धानानं भरून हाये. कोनं सांगतलं तुले संपला म्हनून?"

"संपला नाही, काकाजी. गिऱ्हाइकाला जरा घाई करायची असते."

"घाई पटात पळनाऱ्या बैलाले करतेत. पावन्याले कोनी तुतारी टोचते का?"

पट्टी उतरली, कारण काकाजी उतरेपर्यंत खोलीतून उठले नाहीत. वेबसाइटवर लोकांचे अभिप्रायही होते: कुणी पुण्याच्या ताई, कुणी ठाण्याच्या काकू, सगळ्यांनी पाच तारे दिलेले, आणि एकीनंही आमचा तांदूळ पाहिलेला नव्हता, कारण तांदूळ अजून गिरणीतून निघाला नव्हता. ते अभिप्राय सर बसल्या बसल्या टाइप करायचे. मी भांडले. सर म्हणाले, "मॅडम, सगळेच करतात. आपण नाही केलं तर आपण दिसणारच नाही." या एका वाक्यानं या देशात किती खोटेपणा झाकला जातो! सगळेच करतात. जणू चोरांची संख्या वाढली की चोरीचं दुसरं नाव ठेवायचं.

मी ऑनलाइन जाहिरातीच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. दिघोरीच्या बाजारात ज्याची हाक जेमतेम पुढच्या चौकापर्यंत जायची, त्याची हाक आज पुण्याच्या स्वयंपाकघरात जाते, याच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी कोणती? माझा राग हाक मारून तोंड लपवणाऱ्यांवर आहे.

काकाजींच्या आवाजाची जाहिरात करायची कल्पना गटाच्या अध्यक्षांची. अध्यक्ष गोड बोलणारे, कडक इस्त्रीचे. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते घरी आले, काकींच्या हातचा चहा प्यायले, आणि म्हणाले, "काकाजी, पुन्याले तुमचा ऑटो कसा जाईन? हे व्हिडिओ जाईन."

"डब्बीत बोलत नाई मी."

"गावासाठी बोला. लोकाईच्या बांध्यांचा तांदूळ हाये."

काकाजींनी दोन दिवस मागून घेतले. मग त्यांनी अट घातली, तलावाच्या पाळीवर, गटाच्या लोकांसमोर: गावचा तांदूळ आहे तोवर व्हिडिओ चालेल, तांदूळ संपला की बंद. भाऊंनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. शहरातल्या माणसानं हे लिहून घेतलं असतं. काकाजींच्या गावी चार माणसांसमोर पाळीवर दिलेला शब्द कागदावर उतरवायला सांगणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणणं होतं. त्यांनी तो अपमान केला नाही.

चित्रण सकाळच्या उन्हात झालं. कापायच्या राहिलेल्या, पिकल्या धानाची बांधी, मागे तलाव, हातात तो चेपलेला भोंगा. सरांनी लिहून आणलेलं काकाजींनी बाजूला ठेवलं आणि आपलं बोलले: "आयका हो आयका! पुन्याच्या, मुंबईच्या, नागपूरच्या लोकाईले सांगनं हाये. आमच्या तलावाच्या पान्यावर पिकलेला चिन्नोर. शिजाले ठेवला का शेजारीन विचारते. या, खाऊन पाहा." मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि शेवट केला: "बोलावनारा हजर हाये! तांदूळ बरोबर नसला त मले बोला." आणि आपला फोन नंबर सांगितला.

व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. मागण्या इतक्या आल्या की पॅकिंगला गावातल्या बाया कमी पडू लागल्या. आणि फोन! काकाजी ओसरीत बसून प्रत्येक फोन स्वतः घेत. कुणाला भाऊ, कुणाला बाई, कुणाला माय. "पानी जरा कमी टाकजा, बाई. कुकरच्या शिट्ट्या नका मोजू, वास आला का उतरवा." एका बाईंनी भात चिकट झाला म्हणून झापलं, तर त्यांनी माफी मागून दुसऱ्या दिवशी परत फोन केला, आज कसा झाला म्हणून. पुण्याच्या एक आजी तर तांदूळ न मागवताच गप्पा मारायला फोन करायच्या. काकी म्हणाल्या, "आता त पेला बी नाई वाजवत. फोनवाल्या बायांचंच भाग्य."

त्या थोड्या महिन्यांत मी जे बघितलं, त्याला मी खरी जाहिरात म्हणते. हाक देणारा आणि ओ देणारा एकमेकांना दिसत होते.

होळीच्या सुमाराला गोडाऊन रिकामं झालं. काकाजी खोलीत आले आणि म्हणाले, "पोरी, आता जाहिरात टाक."

"कशाची? तांदूळ तर संपला."

"थेच टाक. संपला म्हनून. बोलावलं तितक्या लोकाईले सांगाले पायजे का नाई, नका येऊ म्हनून?"

मी त्यांचा आवाज रेकॉर्ड केला आणि जाहिरात लावली, पैसे भरून, जिथे जिथे पहिली पोचली होती तिथे तिथे: आयका हो, तांदूळ संपला. नवा पिकला का सांगीन. तोवर आमच्या नावानं कोनी देल्ला त घेऊ नका. बोलावनारा हजर हाये. नटी येत नाही हे ज्या माणसानं गावोगावी जाऊन सांगितलं होतं, त्याला यात विशेष काही वाटलं नाही. सरांनी मात्र नागपूरहून फोन करून आरडाओरडा केला. "पैसे देऊन गिऱ्हाईक हाकलताय तुम्ही! जगात असं कुणी करत नाही!" काकाजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे विचारलं, "मंग फुकटात हाकलू का?"

त्या जाहिरातीखाली लोकांनी काय लिहिलं, ते मी अजून विसरले नाही. "वाट बघतो, काकाजी." "पुढच्या पिकाला आम्हाला आधी सांगा." पैसे देऊन मिळत नाही असा विश्वास, तो हा. सरांना ते वाचता आलं नाही, कारण त्यांच्या लॅपटॉपवर त्याचा आकडा दिसत नव्हता.

दुपारपर्यंत ती जाहिरात बंद झाली. दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड चालेना. आठवड्याभरात कुठून कुठून बारीक तांदळाचे ट्रक आले, गोडाऊन पुन्हा भरलं, आणि आमच्याच गावाचं नाव छापलेल्या पिशव्यांत तो तांदूळ भरला जाऊ लागला. जुना व्हिडिओ परत सुरू झाला. एक फरक होता. काकाजी म्हणतात, "या, खाऊन पाहा." मग छाती भरून श्वास घेतात, तोंड उघडतात, आणि तिथेच चित्र तुटतं. पडदा पांढरा होतो आणि अक्षरं येतात: आत्ताच मागवा.

त्यांनी तळाची ओळ कापली होती.

ते काकाजींना कळलं एका फोनमुळे. नंबर व्हिडिओतून गेला होता, पण पुण्याच्या त्या आजींकडे होता. त्यांनी या वेळी हौसेनं मागवला होता. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या आवाजावर घेतला हो. वास नाही त्याला." काकाजींनी फोन ठेवला, सदरा घातला आणि गटाच्या कार्यालयात गेले. मी मागे गेले.

"भाऊ, माया आवाज काढा."

"बसा ना, काकाजी. चहा घ्या."

"चहा नाई पायजे. तांदूळ गावचा नाई. आवाज काढा."

"मागणी हाये, गिऱ्हाईक हाये. आता थांबलो त सारं वाहून जाईन. पुढच्या वर्षी आपलाच देऊ ना."

"पाळीवर काय बोलले होते?"

भाऊंनी खिडकीबाहेर बघितलं. उत्तर सरांनी दिलं: "काकाजी, व्हिडिओ गटाच्या मालकीचा आहे. कायद्यानं."

"व्हिडिओ ठेव तू. आवाज कोनाचा हाये?"

खोलीत गटाचे लोक होते, ज्यांच्या बांध्यांसाठी हा म्हातारा डब्बीत बोलला होता. सगळ्यांनी मोबाइल काढले आणि त्यात बघू लागले. त्यांच्यातल्या एकानंही मान वर केली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं. त्यांनी त्या दिवशी आपलाच तांदूळ विकायचा सोडून आपलं नाव विकलं, तेही दुसऱ्याच्या गळ्यानं!

मी त्याच दिवशी काम सोडलं, पण काकाजींच्या ओसरीत बसून लढाई चालू ठेवली. व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीला मी तक्रारीवर तक्रार केली. दरवेळी यंत्राचं उत्तर आलं, की ही जाहिरात आमच्या नियमांत बसते. फोन करावा तर नंबर नाही. जावं तर दार नाही. जगभरातून हाका गोळा करून घराघरांत सोडणारे हे लोक, आणि त्यांच्याकडे शिवी ऐकायला मंडपाच्या दारात एक खुर्चीसुद्धा नाही. काकाजी माझ्या शेजारी बसून ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचे. शेवटी म्हणाले, "जाऊ दे, पोरी. डब्बीत मीच बसलो."

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडईचे लोक हाकेसाठी त्यांच्याकडे आले. मी भेटायला गेले होते, ओसरीतच होते. भोंगा खुंटीला होता. लोकांनी नारळ पुढे केला. काकाजींनी तो हात जोडून परत दिला.

"औंदा नाई जमत."

"काहून, काकाजी? तब्येत?"

"तब्येत बरी हाये. आवाज बाहेरगावी गेला हाये. वापस आला का सांगतो."

लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतो. हसले आणि गेले. नंतर त्या मंडईची हाक पेनड्राइव्हवरून झाली. चहा देताना काकी हळूच मला म्हणाल्या, "बुढा आता दिवसभर घरात बोलत राह्यते, पोरी. दही बी खाते. मले नाई पायजे व थे."

तो व्हिडिओ आजही चालू आहे. नव्या पिकाचा खरा चिन्नोर त्या गोडाऊनमध्ये आला की नाही, मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही कळायचा मार्ग नाही. जो सांगू शकला असता त्याचं वाक्य कापलेलं आहे.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. धानाची बांधी, मागे तलाव, एका बाजूनं चेपलेला भोंगा हातात घेतलेला म्हातारा असा व्हिडिओ तुमच्या फोनवर आला, तर बोटानं पुढे ढकलू नका. शेवटपर्यंत बघा. ते श्वास घेतात आणि चित्र तुटतं, तिथे थांबा. मग खाली, सगळ्यांना दिसेल अशा जागी, तुमच्या खऱ्या नावानं लिहा: "काकाजी, तुमचं शेवटचं वाक्य आम्हाला ऐकायचं आहे." एवढंच लिहा, आणि शेजारच्याला लिहायला सांगा. ते वाक्य परत जोडलं जाईपर्यंत किंवा तो व्हिडिओ उतरेपर्यंत लिहीत राहा. एक आवाज बाहेरगावी अडकला आहे. त्याला घरी पाठवा.